ऑटोपायलटवरील पिच आणि स्टॉल (सिम्युलेटरमधील)

विमानाचे नाक वर-खाली होण्याला पिच म्हणतात. प्रवासी विमानाच्या सिम्युलेटरमध्ये, मग ते प्रशिक्षण केंद्रातले हलते कॉकपिट असो वा घरच्या संगणकावरचे 'एक्स-प्लेन', ऑटोपायलटला सहसा पिचचा कोन सांगत नाहीत. उंची, वेग किंवा चढण्याचा दर नेमून दिला की तो स्वतः नाक हलवतो. यातले काय नेमून दिले, यावर स्टॉलचा धोका ठरतो.

'व्हर्टिकल स्पीड' मोडमध्ये ऑटोपायलट मिनिटाला ठरलेले फूट चढतो. वेग सांभाळणे इंजिनांचा जोर आपोआप बदलणाऱ्या ऑटोथ्रॉटलवर सोडलेले असते. 35,000 फुटांवर हवा विरळ, इंजिनांचा जोर (थ्रस्ट) घटलेला. तिथे जड विमानाला मिनिटाला 2,000 फूट चढायला लावले, की थ्रस्ट कमाल असूनही वेग उतरतो आणि दर टिकवण्यासाठी ऑटोपायलट नाक आणखी उचलत राहतो. पंख व समोरून येणारी हवा यांतला कोन मर्यादेबाहेर गेला की प्रवाह पंखापासून सुटतो, उचल ढासळते. हाच स्टॉल, इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही.

11 नोव्हेंबर 1979 रोजी लक्झेंबर्गवर एरोमेक्सिकोचे डीसी-10 याच मोडमध्ये चढताना स्टॉल झाले. थरथर इंजिनाची समजून वैमानिकांनी एक इंजिन बंद केले. विमान 10,000 फुटांहून अधिक खाली येऊन सावरले. शेपटीवरच्या एलिव्हेटरची टोके तुटून गेली होती, पण सगळे प्रवासी सुखरूप राहिले.

म्हणून उंचावरच्या चढाईत 'लेव्हल चेंज' मोड बरा. त्यात नाक वेग राखते आणि जोर कमी पडला तर चढण्याचा दर आपोआप घटतो. 'व्हर्टिकल स्पीड' वापरायचाच तर नजर वेगपट्टीवर हवी: किमान वेगाची मर्यादा दाखवणारा खालचा पिवळा पट्टा वेगाच्या आकड्याकडे सरकू लागताच दर कमी करावा. वळण घेताना हा पट्टा आणखी वर येतो.

स्टॉलचा इशारा म्हणून स्टिक (नियंत्रण दांडा) थरथरू लागली तर ऑटोपायलट व ऑटोथ्रॉटल काढून नाक खाली, मग पंख समतल, मग गरजेपुरता थ्रस्ट. हा क्रम मोडू नये. वेग घटत असताना ऑटोपायलटने ट्रिम (नाक ठरावीक कोनात धरून ठेवणारी शेपटीवरची जुळवणी) गुपचूप नाक-वर फिरवलेला असतो. पंखाखालच्या इंजिनांना एकदम पूर्ण जोर दिल्यास नाक आणखी उसळते. तेव्हा ट्रिमही पुढे फिरवावा लागतो.

स्टॉलपलीकडचे वर्तन जुन्या सिम्युलेटरांत विश्वासार्ह नसे, त्यामुळे सराव इशाऱ्यापाशीच थांबे. अमेरिकेत 2019 पासून विमानकंपन्यांच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये पूर्ण स्टॉलमधून सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे आहे.