बापाला घराबाहेर कोणी काढले?
१९६५ साली अमेरिकेच्या कामगार खात्यातील डॅनियल मॉयनिहन यांनी अहवाल लिहिला. गुलामगिरी, बेकारी यांचा उल्लेख त्यात होता. पण बोट रोखले ते कृष्णवर्णीयांच्या बापाविना घरांवर. आम्ही विचारतो, ती घरे मोडली कोणी? गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यताच नव्हती. मालक बापाला एकीकडे, लेकरांना दुसरीकडे विकत. पुढे अलाबामा राज्यात आईचे कोणा पुरुषाशी संबंध आढळले की तो 'बदली बाप' ठरे आणि मुलांची सरकारी मदत बंद! (लेकरांच्या तोंडचा घास काढून नीती शिकवण्याची ही रीत आम्हांला ओळखीची आहे.) १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने किंग विरुद्ध स्मिथ खटल्यात हा नियम मोडीत काढला. आणि २००६ पासून तेच सरकार विवाह व 'जबाबदार पितृत्व' शिकवायला वर्षाला १५ कोटी डॉलर देऊ लागले.