फायबर ब्रॅग ग्रेटिंग वाचकाचे लघुकरण

प्रकाशतंतूत घडवलेली ब्रॅग ग्रेटिंग ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित करते. ताण वा तापमान बदलले की ही तरंगलांबी सरकते. पहिली ग्रेटिंग केनेथ हिल व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कॅनडात दाखवली. १,५५० नॅनोमीटरजवळ तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला तरंगलांबीचे हे सरकणे जेमतेम १० पिकोमीटर. ते टिपणारा वाचक मात्र बहुधा टेबलावरची पेटीच असतो. ती आटोपशीर करण्यासाठी वर्णपटमापकाचे काम सिलिकॉन चिपवरील तरंगमार्गांकडे सोपवतात. शेजारच्या दोन वाहिन्यांतील तीव्रतांच्या गुणोत्तरावरून तरंगलांबी कळते; हलता भाग लागत नाही. खरी डोकेदुखी उष्णतेची. सिलिकॉनच्या तरंगमार्गाची तरंगलांबी स्वतःच अंशाला सुमारे ७०–८० पिकोमीटर सरकते, म्हणजे संवेदकाच्या सात-आठ पट! त्यामुळे चिपला तापनियंत्रक जोडावा लागतो आणि पेटी लहान करून वाचवलेली वीज पुन्हा तिथेच खर्ची पडते. संदर्भ-ग्रेटिंग ठेवून दुरुस्ती गणिताने करणे त्याहून स्वस्त.