आय-आय : खार ठरवल्या गेलेल्या निशाचराचा इतिहास

१/ १७८० च्या सुमारास मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंच निसर्गअभ्यासक पियेर सोनेरा याच्या हाती एक विलक्षण जोडी लागली. झुपकेदार शेपूट, मोठाले कान, उंदरासारखे दात आणि हाताचे मधले बोट काडीसारखे बारीक. शिजवलेल्या भातावर ठेवलेली ती जोडी दोन महिन्यांत दगावली. सोनेराने १७८२ मध्ये आपल्या प्रवासग्रंथात तिची नोंद केली. हाच आय-आय.

२/ सह्याद्रीतील राखाडी रानकोंबड्याचे शास्त्रीय नाव याच सोनेरावरून पडले आहे.

३/ प्राणी कळला, कूळ मात्र चुकले. पटाशीचे दात कुरतडणाऱ्या प्राण्यांसारखे सतत वाढणारे. म्हणून १७८८ मध्ये ग्मेलिनने त्याला खारींत बसवले. १७९५ मध्ये जॉफ्र्वा सेंट-इलेरने स्वतंत्र प्रजाती मानून तिला दोबाँताँचे नाव दिले. वाद मात्र शमला नाही.

४/ पुढे मॉरिशसमधील ब्रिटिश अधिकारी हंफ्री सँडविथ याने एक आय-आय पाळला. पिंजऱ्यात किडलेल्या फांद्या ठेवताच त्याने बोटाने लाकूड ठोकले, कान लावले, दातांनी भोक पाडले आणि त्याच बोटाने अळी ओढून काढली. ही हकिकत त्याने रिचर्ड ओवेनला कळवली व पुढे तो प्राणीही लंडनला धाडला.

५/ ओवेनने १८६३ मध्ये शरीररचनेचा सविस्तर अभ्यास मांडला : हा लेमूरांचा आप्त, म्हणजे माणूस व माकडांच्याच गणातला. डार्विनच्या नैसर्गिक निवडीविरुद्ध त्याने याच प्राण्याचा दाखला दिला. आज तेच बोट त्या तत्त्वाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मादागास्करात सुतारपक्षी नाहीत; लाकडातल्या अळ्यांचे ते अन्न आय-आयच्या वाट्याला आले.

६/ दिवसा तो उंच झाडावर काटक्या-पानांच्या घरट्यात झोपतो. रात्री बहुधा एकटाच हिंडतो. निशाचर प्रायमेटांत आकाराने सर्वांत मोठा तोच.

७/ बेटावरील अनेक गावांत मात्र तो अपशकुनी मानला जातो. त्याने बोट रोखले की मृत्यू येतो, या समजुतीपायी तो दिसताच मारला जाई. त्यात जंगलतोड. १९३० च्या दशकात तो नामशेष झाला असे मानले गेले. १९५७ मध्ये तो पुन्हा आढळला. १९६६ मध्ये नऊ आय-आय नोसी मांगाबे या बेटावर सुरक्षित सोडण्यात आले.

८/ पंडितांनी दात पाहून त्याला खार ठरवले, गावकऱ्यांनी बोट पाहून यमदूत. पहिली चूक ग्रंथात दुरुस्त झाली. दुसरीची किंमत तो अजून मोजतो आहे. २०१४ पासून त्याची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत आहे.