कंपनीच्या नावबदलानंतर निवृत्तिलाभ दस्तऐवजांचे अद्ययावतीकरण

कंपनीचे नाव बदलल्यावर तिच्या कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) व सुपरॲन्युएशन निधी यांच्या अभिलेखांत नवे नाव नोंदवावे लागते. ही नोंद राहून गेली किंवा चुकीच्या पद्धतीने झाली, तर तिचा परिणाम बहुधा अनेक वर्षांनी, कर्मचारी निवृत्त होताना, दिसून येतो.

कायदेशीर स्वरूप

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३ नुसार नावबदलासाठी विशेष ठराव व केंद्र शासनाची मान्यता आवश्यक असते. कंपनी निबंधकाने नवे प्रमाणपत्र दिल्यावरच बदल अमलात येतो. त्यानंतर दोन वर्षे नामफलक व पत्रशीर्षावर जुने नावही द्यावे लागते. मात्र विधिव्यक्ती तीच राहते. त्यामुळे कंपनीची देणी आणि कर्मचाऱ्यांची सलग सेवा अबाधित असते.

विलीनीकरण, हस्तांतरण किंवा व्यवस्थापनातील बदल यांहून नावबदल वेगळा आहे. सोलापूरच्या औद्योगिक इतिहासात हे सर्व प्रकार आढळतात. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीचे (‘जुनी गिरणी’) व्यवस्थापन १९५० मध्ये खास कायद्याने शासनाने हाती घेतले; कंपनी मात्र तीच राहिली. लक्ष्मी आणि विष्णू या स्वतंत्र गिरण्या पुढे एकत्र आल्या. निव्वळ नावबदलाचे उदाहरण म्हणजे नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन. ही कंपनी २००५ मध्ये ‘एनटीपीसी लिमिटेड’ झाली. तिचा १,३२० मेगावॉटचा सोलापूर प्रकल्प त्यानंतरचा असल्याने, जुन्या केंद्रांतून येथे बदलून आलेल्यांच्या सेवापुस्तकात दोन्ही नावे असू शकतात.

भविष्य निर्वाह निधी

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९५२ प्रथम ज्या सहा उद्योगांना लागू झाला, त्यांत वस्त्रोद्योग होता. त्यामुळे सोलापूरच्या गिरणी कामगारांचा या कायद्याशी संबंध आरंभापासूनचा आहे. योजनेच्या परिच्छेद ३६-अ नुसार मालकी व व्यवस्थापनाचा तपशील नमुना ५-अ मध्ये द्यावा लागतो आणि त्यात बदल झाल्यास पंधरा दिवसांत कळवावे लागते. नव्या नावाचे निगमन प्रमाणपत्र, पॅन इत्यादी कागदपत्रांसह क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज केला जातो. सोलापुरात असे कार्यालय आहे. आस्थापनेचा संकेतांक बदलत नाही, केवळ त्यासमोरील नाव बदलते.

नेमकी येथेच गफलत होते. काही नियोक्ते नवा संकेतांक घेतात, जुन्या नावाखाली कामगारांची ‘सेवासमाप्ती’ नोंदवतात आणि नव्या नावाखाली त्यांना नव्याने दाखल करून घेतात. परिणामी एकच सेवा दोन सदस्य क्रमांकांत विभागली जाते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा लागते, तर निधीतून करमुक्त रक्कम काढण्यासाठी सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा लागते. दोन्ही खाती जोडली गेली नाहीत, तर सात आणि चार अशी अकरा वर्षे नोकरी केलेला कामगारही कागदोपत्री अपात्र दिसू शकतो. सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे (यूएएन) ही जोडणी सुकर झाली आहे. तो येण्यापूर्वीच्या नोंदींना मात्र हस्तांतरण अर्ज व नियोक्त्याचे प्रमाणपत्र लागते.

उपदान व न्यास

उपदान प्रदान (केंद्रीय) नियम, १९७२ मध्ये नाव, पत्ता, नियोक्ता किंवा व्यवसायाचे स्वरूप बदलल्यास तीस दिवसांत नमुना ‘ब’ मध्ये नियंत्रक प्राधिकाऱ्यास सूचना देण्याची तरतूद आहे. कंपनीचा स्वतंत्र न्यास असल्यास न्यासपत्रात पुरवणी दस्त करून नाव दुरुस्त करतात, प्राप्तिकर विभागाची मान्यता नव्या नावावर नोंदवून घेतात आणि न्यासाची बँक खाती, रोखे व समूह विमापत्र यांवरही तशी नोंद करतात. कर्मचाऱ्याने केलेले नामनिर्देशन कुटुंबीयांच्या नावे असल्याने केवळ कंपनीच्या नावबदलामुळे ते रद्द होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून, जुन्या योजना संक्रमणकाळात चालू ठेवण्याची तरतूद तिच्यात आहे.

सोलापूरपुरती आणखी एक अडचण संभवते. इंग्रजी कागदपत्रांत शहराचे नाव पूर्वी ‘शोलापूर’ असे लिहिले जाई आणि अनेक कंपन्यांच्या नावांतही तेच रूप होते. अशा जुन्या दाखल्यांबाबत, कंपनीचे नाव बदललेले नसतानाही, दोन्ही नावे एकाच आस्थापनेची असल्याचे सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते.