नांगर व नांगरदोर (लहान मासेमारी होडीचा)

होडी पाण्यात एका जागी धरून ठेवणारा सरंजाम. त्यात नांगर, साखळीचा तुकडा आणि दोर येतात. खरेदीच्या वेळी नांगराचे वजन तोलून पाहिले जाते, दोर मात्र उरलेल्या पैशांत घेतला जातो. वास्तविक नांगराचा फाळ तळात रुततो तो ओढ जवळजवळ आडवी असेल तरच, आणि त्यासाठी दोर लांब लागतो. ओढ उभी झाली की जड नांगरही उपटून येतो. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग येथे सापडलेल्या जुन्या दगडी नांगरांनाही लाकडी फाळ बसवण्यासाठी भोके आहेत. नुसत्या वजनावर त्यांचीही भिस्त नव्हती.

दोराची लांबी खोलीच्या किमान पाचपट, वारा असल्यास सातपट धरतात. ही खोली तळापासून नाळेपर्यंतची (होडीच्या पुढच्या टोकापर्यंतची) आणि भरतीच्या वेळची. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते, म्हणून हा हिशेब तिथे हमखास चुकतो. ओहोटीला पाणी ५ मीटर, नाळ त्यावर १ मीटर, म्हणून ३० मीटर दोर सोडला, तर भरतीला तो जेमतेम तिप्पट उरतो आणि होडी वाहू लागते. अशा जागी पन्नास-पंचावन्न मीटर तरी हवा.

दोर नायलॉनचा उत्तम, कारण तो ताणला जाऊन लाटेचा हिसका पोटात घेतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असते, पण पाण्यावर तरंगते, उन्हाने झिजते आणि पंख्यात अडकते. पाच-सहा मीटरच्या होडीला ताकदीच्या दृष्टीने ८ मिलिमीटर जाडी पुरते. ओल्या हातांनी ओढायचा तर १० किंवा १२ बरी. नांगराजवळ होडीच्या लांबीइतकी साखळी जोडावी. तिच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि दोर खडकावर कापला जात नाही.

नांगराचा प्रकार तळ पाहून ठरवावा. चिखल व वाळूसाठी रुंद, चपट्या फाळांचा डॅनफोर्थ चांगला. तो १९४०च्या सुमारास अमेरिकेत आला. मालवणसारख्या खडकाळ तळावर चार-पाच आकड्यांचा नांगर लागतो, पण तो अडकतोही. म्हणून साखळी त्याच्या बुडाशी बांधून वरच्या कडीला बारीक सुतळीने आवळतात. नांगर अडकला की जोराच्या ओढीने सुतळी तुटते आणि तो उलटा निघतो. खुल्या समुद्रात रात्रभर थांबायचे असेल तर ही युक्ती टाळावी. वाऱ्याच्या हिसक्यानेही सुतळी तुटू शकते.

नांगर नेहमी नाळेवरूनच टाकावा. मागून टाकल्यास लाट थेट होडीत शिरते.