दफ्तराची दुसरी प्रत

बुधवार पेठेला आगीची आठवण जुनी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या ज्या वाड्यात पुढे इंग्रजांनी आपल्या कचेऱ्या थाटल्या, तो बुधवार वाडा १८७९ च्या मे महिन्यात भस्मसात झाला. आज त्याच पेठेतल्या तपकीर गल्लीत तारा, बटणे आणि विजेचे बारीकसारीक सामान घेण्यास लोक दाटी करतात. वाड्यातले दफ्तर आणि गल्लीतले यंत्र यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. जुन्या घरगुती संगणकाच्या पोटातही एक दफ्तर असते आणि त्याची नक्कल ठेवण्याचा इतिहास आहे; तोच आज आम्हांस सांगावयाचा आहे.

आपल्याकडे नोंदीची शिस्त नवी नव्हे. जुन्या सरकारी पत्रांच्या अखेरीस ‘बार’ हा शब्द आढळतो, तो पत्राची दफ्तरी नोंद झाल्याची खूण होय. पेशव्यांचे एकबेरीज दफ्तर नेहमी पुण्यात असे व निरनिराळ्या खात्यांचे हिशेब तेथे गोषवारा करून लावीत. परंतु शिस्त असली तरी जागा चुकते. १७६३ साली निजामाची फौज पुण्यावर आली तेव्हा सरकारी कागद सुरक्षित म्हणून सिंहगडाकडे हलविले गेले. आणि गडाखालचे गाव शत्रूने जाळले त्यात मोलाचे कागद नष्ट झाले, असे ग्रँट डफ नोंदवतो. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे ती आमच्या स्वतःच्या घरात येणार आहे.

संगणकाचे दफ्तर म्हणजे त्याच्या मांडणीची नोंदवही. पडदा कसा दिसावा, छपाईयंत्र कोणते जोडले आहे, टंक कोणते बसविले आहेत, हे सारे तीत असते. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये यातले बरेचसे साध्या मजकुराच्या फायलींत असे. कोणीही त्या उघडून वाचाव्या, हाताने उतरून घ्याव्या. १९९५ साली विंडोज ९५ आले आणि सारा कारभार ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका नोंदवहीत गेला. ती दोन फायलींत असे, एक यंत्राची, दुसरी वापरणाराची. यंत्र नीट सुरू झाले की त्यांची एकेक नक्कल आपोआप निघे. सोय उत्तम होती, पण नक्कल एकच! बिघाड होऊनही यंत्र कसेबसे सुरू झाले, तर बिघडलेली वही चांगल्या नकलेवर चढे आणि आदला दिवस कायमचा पुसला जाई.

ही उणीव १९९८ च्या विंडोजने भरून काढली, आणि आमच्या मते घरगुती संगणकाच्या इतिहासात याहून शहाणी योजना थोडीच झाली. दिवसातून पहिल्यांदा यंत्र सुरू झाले की एक तपासनीस नोंदवही चाळून पाही आणि ती धड असेल तर तिची आवळून बांधलेली गाठोडी एका ठरावीक कप्प्यात ठेवी. अशी पाच गाठोडी राहत. सहावे आले की सर्वांत जुने जाई. विंडोज उघडतच नसले तर डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘स्कॅनरेग रिस्टोअर’ अशी आज्ञा द्यावी, म्हणजे तारखांची यादी समोर येई. ज्याने त्याने आपला बरा दिवस निवडावा!

आमच्या घरी असे एक यंत्र पुष्कळ वर्षे होते. ते का ठेवले, असे लोक विचारीत. कारण एवढेच की, युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे आमचे मराठी लेखन त्या काळच्या टंकांत बांधलेले होते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत आज जी जुनी संगणकजुळणीची पुस्तके दिसतात, त्यांचीही तीच कथा. टंकाची फाईल चकतीवर जागच्या जागी असते, पण नोंदवहीतली तिची ओळ गेली की टंकांच्या यादीत तिचे नाव दिसत नाही, आणि पानभर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचा काला उमटतो. एकदा नव्या छपाईयंत्राची आज्ञावली घालताना वीज गेली आणि आमची नोंदवही बिघडली. सोमवारचे गाठोडे सोडले; अर्ध्या तासात मराठी परत आली. आम्ही निश्चिंत झालो, आणि तेथेच चुकलो. पुढच्या पावसाळ्यात ती चकतीच बसली. पाचही गाठोडी तिच्याच पोटात होती. सिंहगडाखालचे गाव आम्हांस त्या दिवशी समजले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००१ च्या विंडोज एक्सपीत रोज पुनःस्थापनेचा एक टप्पा आपोआप नोंदला जाई. व्हिस्टापासून यंत्र रिकामे असताना दर दहा दिवसांनी नोंदवहीची नक्कल ‘रेगबॅक’ नावाच्या कप्प्यात पडू लागली. मात्र २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ही नक्कल बंद झाली. चकतीवरील जागा वाचावी म्हणून हे मुद्दाम केले, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले व पुनःस्थापनेच्या टप्प्यांवर भिस्त ठेवावी असे सुचविले. जागा वाचविण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती निराळ्या गोष्टीला. कप्प्यात फायली दिसत, त्यांची नावे बरोबर असत, वेळापत्रकात ‘काम यशस्वी’ असा शेराही पडे; फक्त प्रत्येक फायलीचे आकारमान शून्य! दफ्तरात रुमाल बांधलेला, आत कागद नाही. एखाद्या कारकुनाने असे केले असते तर पेशवाईत त्याची गय झाली नसती.

नोंदवहीतच ‘एनेबल पिरिऑडिक बॅकअप’ या नावाने एकचा आकडा घातला की ही नक्कल पुन्हा निघू लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ती यंत्रे घरोघर चालू आहेत, आमच्याही घरी एक आहे. त्यात आम्ही तो आकडा घातला आहे. दर रविवारी निघालेली नक्कल एका बाहेरच्या चकतीवर उतरते, ती चकती नंतर काढून शेजारच्या बिऱ्हाडी जाते, आणि तत्पूर्वी आम्ही चष्मा लावून फायलींचे आकारमान पाहतो.