मंगोलांचे रस्ते आणि विद्येचे प्रवासी

मंगोल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जळणारी नगरे उभी राहतात. ते चित्र खोटे नाही. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद घेतले, तेव्हा माणसांबरोबर ग्रंथांचाही संहार झाला. मग अशा लोकांकडून विद्येच्या बाबतीत आपण काय शिकावे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु त्याच हुलागूच्या आश्रयाने १२५९ मध्ये मराघा येथे नसिरुद्दीन तूसीने वेधशाळा उभारावयास घेतली. दमास्कसहून आलेला उर्दी तिथे उपकरणे घडवीत होता. एक चिनी पंडितही तिथे होता. त्या वेधशाळेच्या कोष्टकांत चिनी कालगणनेचे विवेचन आढळते, ते उगीच नव्हे.

हे शक्य झाले ते रस्त्यामुळे. ओगदाई खानाने टप्प्याटप्प्यावर ठाणी बसविली. हाती राजमुद्रेची पट्टी असली, की वाटसरूला घोडे, अन्न आणि मुक्काम मिळे. एका टोकाची विद्या दुसऱ्या टोकाला कशी पोचे, हे १२६७ च्या एका प्रसंगावरून दिसते. त्या वर्षी जमालुद्दीनाने पश्चिमेकडील ज्योतिषयंत्रे कुबलाईच्या दरबारी सादर केली.

मात्र नुसता रस्ता पुरत नाही. ग्रेगरी खिओनिआदीस हा ग्रीक विद्वान तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्योतिष शिकण्यासाठी तब्रीझला गेला. पुढच्या एका ग्रीक लेखकाने सांगितले आहे की, परक्याला ही विद्या देऊ नये असा तिथे दंडक होता. राजाची मर्जी संपादल्यावरच त्याला ती शिकता आली. वाट मोकळी होती, दार बंद होते! आजच्या किती विद्यार्थ्यांची हीच कथा आहे, हे आपण जाणतोच. परदेशच्या विद्यापीठाची माहिती क्षणात घरबसल्या मिळते. प्रवेश, परवाना आणि पैसा यांपाशी पाऊल अडते.

पैशाचे महत्त्व रब्बान सौमाने नेमके हेरले होते. बीजिंगकडचा हा ख्रिस्ती साधू १२८७ मध्ये अर्घून खानाचा वकील म्हणून पॅरिसला पोचला. तिथे तीस हजार विद्यार्थी असून त्यांच्या निर्वाहाचा खर्च राजा करतो, असे त्याच्या वृत्तांतात आहे. आकडा फुगलेला असेल; पण इतक्या दुरून आलेल्या पाहुण्याच्या नजरेत विद्यार्थ्यांच्या पोटाची सोय भरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही सोय तब्रीझमध्ये वजीर रशीदुद्दीनाने केली. त्याच्या जगाच्या इतिहासाला भारतासंबंधीची माहिती देण्यास कमलश्री नावाचा काश्मिरी भिक्षू साहाय्य करीत होता. १३०९ च्या दानपत्रान्वये त्याने शिक्षक, विद्यार्थी आणि रुग्णालय यांची व्यवस्था लावली. आपल्या ग्रंथांच्या अरबी आणि फारसी प्रती दरवर्षी करून गावोगावी धाडाव्यात, असेही त्यात लिहिले. १३१८ मध्ये राजाची मर्जी फिरली, रशीदुद्दीनाला देहदंड झाला आणि त्याची ती वसाहत लुटली गेली.

यातून आपण काय घ्यावयाचे? रस्ता हवा, दार उघडे हवे आणि शिदोरीही हवी. परंतु ही तिन्ही एकाच माणसाच्या मर्जीवर टांगलेली असू नयेत. रशीदुद्दीनाचे वैभव गेले, त्याचा इतिहास मात्र हस्तलिखितांच्या रूपाने आजही निरनिराळ्या देशांत जपलेला आहे. आपल्या गावच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारताना तो एका दात्याच्या नावावर न ठेवता अनेकांच्या वर्गणीवर उभा करावा, एवढा व्यवहारी धडा तरी आपण या इतिहासातून अवश्य उचलावा.